अण्णांनी काढून दिलेले पुस्तक

आमच्या चित्रफितीत दिसणाऱ्या, बेळगावच्या खडेबाजारातून आत वळणाऱ्या या बोळात पावसाळ्यात दुपारी तीन वाजताही दिवा लावावा लागतो. दिव्याखाली बसलेल्या पुस्तकविक्रेत्यांना सगळी गिऱ्हाइके अण्णा म्हणतात. फळीवरच्या मराठी पुस्तकांमागे कन्नड पुस्तकांची दुसरी रांग आहे आणि त्या रांगेत कुठे काय आहे, हे फक्त अण्णांच्या हाताला ठाऊक आहे.

छत्री मिटून आत येणाऱ्या या बाई मराठीत रहस्यकादंबऱ्या लिहितात. दुसऱ्या कोणाची कादंबरी हाती घेतली, की खून कोणी केला हे त्यांना साठाव्या पानाच्या आत कळते. संशयिताचे नाव पेन्सिलीने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायचे आणि उरलेल्या पुस्तकात केवळ खात्री करून घ्यायची, असे त्यांचे वाचन कित्येक वर्षे चालले होते.

रहस्यकथा सुचवणे हे पुस्तकविक्रीतले फार अवघड काम आहे. इतर पुस्तकांत काय चांगले आहे ते सांगता येते; इथे जे चांगले आहे नेमके तेच सांगायचे नसते. म्हणून अण्णा कथानकाकडे जातच नाहीत. आधीचे पुस्तक किती दिवसांत संपले, गुन्हेगार कितव्या पानावर ओळखला, मधली पाने चाळून टाकली का, हे ते गिऱ्हाइकालाच विचारतात. मजकुरावरून नुसती नजर फिरवली तरी भागते, असे बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी मागच्या रांगेत हात घातला आणि कव्हर निघालेली एक जुनी कन्नड कादंबरी काढून, फडक्याने पुसून पुढे ठेवली. “ताई, हे सावकाशच वाचावं लागतंय,” ते म्हणाले. “आणि सकाळी गाडी धरायची असली तर रात्री सुरू करू नका बघा.”

आपण जिला रहस्यकथा म्हणतो, ती कन्नडमध्ये ‘पत्तेदारी कादंबरी’. पत्ता लावणे आपल्याकडेही आहे आणि कादंबरी तर आहेच. सीमाभागातल्या माणसाला या शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर, त्यांच्या झुंजार आणि काळा पहाडवर मराठी वाचक पोसला गेला, तसाच एन. नरसिंहय्यांच्या शेकडो पत्तेदारी कादंबऱ्यांवर कन्नड वाचक पोसला गेला. ही दोन घराणी एकाच फळीवर मागेपुढे उभी असली, तरी त्यांची गाठ घालून देणारा माणूस लागतो. भाषावादाच्या बातम्यांत हा माणूस कधीच दिसत नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

बाईंचे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि कन्नड हा त्यांना एक विषय होता. त्यांचे बोट ओळीखालून सरकते आणि प्रत्येक ओत्तक्षरापाशी, म्हणजे अक्षराच्या खाली लटकणाऱ्या जोडाक्षराच्या खुणेपाशी, थबकते. नजर फिरवून पुढे जाण्याची सोयच उरलेली नाही. कोपऱ्यात ठेवलेल्या ओल्या छत्रीचा उल्लेख मराठीत आला असता, तर त्यांनी तो तत्काळ हेरला असता. परंतु छत्रीला कन्नडमध्ये ‘कोडे’ म्हणतात हे आठवल्याचा आनंदच इतका झाला, की ती ओली का होती, हे विचारायचे राहून गेले. मध्यरात्र उलटून गेली तरी खिडकीतला हा दिवा चालू आहे, आणि शेजारचा चहा तसाच निवला आहे.

शेवटचे प्रकरण आम्ही मुद्दाम चित्रित केलेले नाही. बाईंची अडलेली नवी कादंबरी त्यानंतर पुढे सरकली. अण्णांचे दुकान मात्र आता फक्त संध्याकाळी उघडते.

पुस्तकाचे पैसे द्यायला आलेल्या बाईंनी शेवटचे कोरे पान उघडून दाखवले. त्यावर पेन्सिलीने लिहिलेली तीन नावे होती आणि तिन्ही खोडलेली होती. अण्णांनी चष्मा वर सारला आणि मधल्या नावावर बोट ठेवले. पहिल्या वाचनात त्यांचाही संशय याच माणसावर होता.