पाणी उपसायला पाणी: हार्त्स पर्वताची हजार वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर जर्मनीच्या सपाट मैदानातून दक्षिणेकडे निघालं की वाटेत पहिला आडवा येतो तो हार्त्स पर्वत. सर्वांत उंच शिखर ब्रोकेन, ११४१ मीटर. अटलांटिकवरून आलेले ढगही इथेच अडतात. क्लाउस्थाल या खाणगावात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर आणि ब्रोकेनवर १८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. हार्त्सचा इतिहास राजांच्या वंशावळीतून सांगायला गेलं तर डोक्यात नुसता गोंधळ होतो. ड्यूक, इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा), काउंट यांची वाटणी पिढीगणिक बदलत राहिली. तोच इतिहास खाणीत साचणाऱ्या पाण्याच्या बाजूने पाहिला की नीट उलगडतो.

आरंभ चांदीचा. कॉर्वे मठातला इतिहासकार विडुकिंड लिहितो की, सम्राट पहिल्या ओट्टोच्या काळात सॅक्सनीत चांदीच्या शिरा उघडल्या गेल्या. त्यावरून ९६८ हे साल धरण्याची प्रथा आहे. गोस्लार गावाला लागून असलेला रामेल्सबेर्ग हा डोंगर त्या संपत्तीचा मोठा साठा. चांदी, तांबं, शिसं, जस्त, सगळं एकाच खडकात. त्याच बळावर अकराव्या शतकात गोस्लारला सम्राटांचा वाडा उभा राहिला. सम्राट तिसरा हाइनरिश याचा देह श्पायरला पुरला, पण त्याचं हृदय मात्र गोस्लारला आणलं गेलं.

रामेल्सबेर्गचा खडक इतका कठीण की छिन्नी-हातोड्याला दाद देईना. म्हणून आगीने फोडायचा. लाकडांच्या राशी खडकाच्या तोंडाशी रचायच्या, आठवड्याच्या शेवटी पेटवायच्या आणि रविवारच्या सुटीत धुमसू द्यायच्या. तापून फुगलेला खडक तडकायचा. सोमवारी माणसं आत जाऊन सैल झालेले तुकडे सळईने पाडायची. आत उष्मा इतका की कामगार जवळपास उघडेच असत. धूर आणि विषारी वायू पूर्ण निघाले नसतील तर पहिला शिरणारा माणूस जिवाला मुकायचा. सुरुंगाची दारू हार्त्समध्ये १६३२ च्या सुमारास आली, तरी रामेल्सबेर्गात ही आगीची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. त्यापायी किती जंगल जळलं याची कल्पना करा. भट्ट्यांसाठीचा कोळसा वेगळाच.

वरच्या हार्त्समध्ये, म्हणजे क्लाउस्थालच्या पठारावर, आधी वाल्केनरीड मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी खाणी चालवल्या. चौदाव्या शतकाच्या मध्याला प्लेग आला, माणसं गेली, खाणी बुडाल्या. दीडशे-पावणेदोनशे वर्षं तिथे जवळपास सामसूम. सोडून दिलेल्या त्या जुन्या खोदाईला खाणकामगार ‘म्हातारा’ म्हणत, आणि या म्हाताऱ्याला फार भीत. त्याच्या पोटात पाणी तुंबलेलं असे. नवी खोदाई चुकून त्याला लागली की भिंत फुटून लोंढा आत येई.

सोळाव्या शतकात राजेरजवाड्यांनी खाणी पुन्हा सुरू करायला एक साधी युक्ती केली: सवलती. १५२१ मध्ये सांक्ट आंद्रेआसबेर्ग, पुढे ग्रुंड, विल्डेमान, त्सेलरफेल्ड, लाउटेनथाल, १५५४ मध्ये क्लाउस्थाल. येऊन वसणाऱ्याला घरासाठी लाकूड, करमाफी, बिअर गाळायचा हक्क. बहुतेक जण आले ते पूर्वेच्या एर्त्सगेबिर्ग या खाणप्रदेशातून, म्हणून क्लाउस्थालची जुनी बोली आजूबाजूच्या गावांशी जुळत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. खाण जितकी खोल, तितकं पाणी जास्त आणि ते तितक्याच उंचीवर चढवायचं. वाफेचं इंजिन अजून नव्हतं, आणि आलं तेव्हाही हार्त्सजवळ स्वस्त दगडी कोळसा नव्हता. ओढून घेणारा पंप सिद्धान्तानेसुद्धा १० मीटरपेक्षा वर पाणी उचलत नाही. लाकडी पंप त्याहून कमीच. म्हणून पंप एकावर एक रचायचे. खालचा पंप लाकडी हौदात पाणी ओतणार, वरचा त्यातून घेणार. सगळ्यांचे दांडे एकाच लांबलचक लाकडी काठीला जोडायचे आणि ती काठी पाणचक्कीने वरखाली हलवायची.

हिशेब करून पाहू. सेकंदाला ५० लिटर पाणी १० मीटर व्यासाच्या चाकावर वरून पाडलं, तर हाती येते साडेतीन ते चार किलोवॉट शक्ती. पंप आणि काठ्या यांच्या घर्षणात निम्मी गेली असं धरलं, तर २०० मीटर खोलीवरून सेकंदाला जेमतेम एक लिटर पाणी वर येतं. म्हणजे एक लिटर उपसायला वरून पन्नास लिटर सोडायचे. डोंगरात पाऊस भरपूर असूनही पाणी कायम कमी का पडायचं, ते या प्रमाणावरून कळतं.

म्हणून तलाव बांधले, शंभराहून जास्त, आणि त्यांना जोडणारे पाट खणले, शेकडो किलोमीटर. पाट डोंगराच्या कुशीने जवळजवळ सपाट न्यायचा. उतार जास्त दिला तर उंची वाया जाते आणि काठ खरवडतो. कमी दिला तर गाळ बसतो. दरीकडच्या बाजूला गवताची मुळांसकट कापलेली ढेकळं रचून बांध घालायचा आणि त्यावरून राखणदाराला चालायला वाट ठेवायची. ठरावीक अंतरावर फळ्यांची दारं. वळवाचा पाऊस आला की राखणदाराने ती उचलून जादा पाणी ओढ्यात सोडायचं. त्याला उशीर झाला तर बांधावरून पाणी वाहून तासाभरात बांधच नाहीसा होई. हिवाळ्यात बर्फ पडून पाट भरू नये म्हणून वर फळ्या आणि स्प्रूसच्या फांद्या घालत.

ब्रोकेनच्या बाजूचं पाणी क्लाउस्थालच्या पठारावर न्यायला मध्ये एक खोलगट खिंड आडवी होती. तिच्यावर १७३२ ते १७३४ मध्ये श्पेर्बरहायचा मातीचा बांध घातला: लांबी साडेनऊशे मीटरच्या घरात, उंची १६ मीटर, आणि पाट त्याच्या माथ्यावरून.

तलावांच्या धरणांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. भराव मातीचा, पण पाणी अडवणारा थर गवताच्या ढेकळांचा, थरावर थर ठोकून बसवलेला. तळातून मोरी म्हणजे पोखरलेला ओकचा ओंडका. त्याच्या तोंडावर लाकडी बूच, आणि बूच उचलायला वरपर्यंत दांडा. जुन्या धरणांत हा थर पाण्याच्या बाजूच्या उतारावर असे. गळती लागली की आधी अख्खा तलाव रिकामा करावा लागे, आणि तलाव रिकामा म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे खाण बुडाली. अठराव्या शतकात हा थर धरणाच्या पोटात, मधोमध घेतला आणि मोरीची विहीरही तिथेच आणली. मग तलाव भरलेला असतानाही दुरुस्ती जमू लागली. ओकचा ओंडका कायम पाण्यात असला तर शतकानुशतकं टिकतो. ओला-कोरडा, ओला-कोरडा होत राहिला की कुजतो. १७१५ ते १७२२ मध्ये बांधलेल्या ओडरटाइख या मोठ्या तलावाला मात्र ग्रॅनाइटचा भक्कम बांध आहे. त्यात सुमारे १७ लाख घनमीटर पाणी मावतं. एकोणिसावं शतक सरत येईपर्यंत जर्मनीत याहून मोठं धरण नव्हतं.

गोटफ्रीड लाइबनिट्स या तत्त्वज्ञाने १६८० च्या दशकात इथे पवनचक्क्यांचे प्रयोग केले. वापरलेलं पाणी वाऱ्याच्या जोरावर पुन्हा तलावात चढवायचं, असा त्याचा विचार. वारा भरवशाचा निघाला नाही आणि खाणअधिकारीही त्याच्यावर खूश नव्हते. प्रयोग फसला. पण आजची पंपाने पाणी परत चढवणारी वीजकेंद्रं पाहिली की कल्पना किती सरस होती ते पटतं.

खरा तोडगा निघाला तो खालून. दरीच्या तळापासून खाणीखाली आडवा बोगदा काढायचा आणि पाणी आपोआप वाहून जाऊ द्यायचं. याचा फायदा दुहेरी. पंपांनी पाणी चढवायची उंची कमी होते, आणि वरून आलेलं पाणी एका चाकावरून जमिनीखालच्या दुसऱ्या, तिसऱ्या चाकावर पाडता येतं, कारण शेवटी त्यालाही वाट मिळालेली असते. १७७७ ते १७९९ अशी २२ वर्षं खपून खोदलेल्या बोगद्याला राजा जॉर्जचं नाव आहे. हा जॉर्ज म्हणजे इंग्लंडचा तिसरा जॉर्ज. हॅनोव्हरचा, म्हणजे या भागाचा, इलेक्टरही तोच. बोगद्याचं काम सुरू असताना, १७७९ मध्ये, त्याच्या इंग्रज प्रजेची फौज वडगावला मराठ्यांपुढे हात टेकत होती. पुढचा एर्न्स्ट-आउगुस्ट बोगदा, १८५१ ते १८६४, आणखी खोल. अनेक तोंडांनी एकदम खोदला तरी टोकं जुळली.

एकोणिसाव्या शतकाचे दोन शोध तर जगभर गेले. खनिज ओढायचे वाखाचे दोर कुजत आणि साखळ्या एक कडी तुटली की काही चाहूल न देता खाली कोसळत. क्लाउस्थालचे खाणअधिकारी विल्हेल्म आल्बेर्ट यांनी साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन त्या कधी थकतात हे मोजलं आणि १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर वापरात आणला. साडेतीन मिलिमीटरच्या चार तारांचा एक पेड, असे तीन पेड एकत्र वळलेले. तार तुटू लागली की आधी एक-दोन दिसतात, दोर बदलायला अवधी मिळतो. लिफ्टपासून केबल कारपर्यंत सगळे पोलादी दोर याच घराण्यातले.

दुसरा शोध माणसांसाठी. सातशे मीटर खोलीवरून शिडीने वर यायला पाळी संपल्यावर दीड-दोन तास जात; चाळिशीतच छाती गेलेली असे. १८३३ मध्ये गेओर्ग डोरेल यांनी पंपांच्याच काठ्यांना पायऱ्या ठोकल्या. दोन काठ्या शेजारी; एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. त्या क्षणभर थांबतात तेव्हा या पायरीवरून त्या पायरीवर पाय टाकायचा. प्रत्येक वेळी माणूस मीटर-दीड मीटर वर. पाय चुकला की संपलं. सांक्ट आंद्रेआसबेर्गच्या सामसन खाणीत १८३७ मध्ये बसवलेलं असं यंत्र आजही चालू स्थितीत आहे. खाण १९१० मध्ये बंद झाली, पण तिच्या पोटातल्या छोट्या जलविद्युत केंद्रांकडे जायला ते उपयोगी पडतं.

क्लाउस्थालच्याच एका खाणअधिकाऱ्याच्या घरी १८४३ मध्ये क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख जन्मले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगचा अभ्यास करायला आलेल्या जर्मन आयोगात ते होते.

पुढचा काळ उताराचा. १९३० च्या सुमारास धातूंचे भाव कोसळले आणि क्लाउस्थालच्या खाणी बंद पडल्या. रामेल्सबेर्ग १९८८ मध्ये, ग्रुंडची शेवटची खाण १९९२ मध्ये. मधल्या काळात दक्षिण हार्त्सच्या नोर्डहाउझेनजवळ, डोरा या छळछावणीच्या बोगद्यांत, नाझींनी कैद्यांकडून व्ही-२ अग्निबाण बनवून घेतले. तिथे आणलेल्या सुमारे ६० हजारांपैकी एकतृतीयांश माणसं मेली. हार्त्सच्या पर्यटनपत्रकांत याला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी. युद्धानंतर पूर्व-पश्चिम जर्मनीची सीमा याच डोंगरातून गेली. एकर नावाच्या नदीवरच्या धरणाच्या तर भिंतीवरूनच ती जायची. ब्रोकेनचा माथा १९६१ ते १९८९ सामान्य लोकांना बंद होता.

पाण्याचं काम मात्र थांबलेलं नाही. हार्त्सच्या नव्या धरणांतलं पाणी नळाने थेट ब्रेमेनपर्यंत जातं. जुन्या व्यवस्थेतले ६५ तलाव आणि सुमारे ७० किलोमीटर पाट अजून वाहते ठेवले आहेत. २०१० मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली. किंमतही शिल्लक आहे. इनेर्स्टे नदीच्या पुरांनी खाणीची शिसंयुक्त रेती खालच्या कुरणांवर पसरवली, ती तिथेच आहे. आणि खाणींसाठी तोडलेल्या मिश्र जंगलाच्या जागी सरळसोट स्प्रूस लावला. तो इथे नैसर्गिकरीत्या वाढतो फक्त आठशे मीटरच्या वर. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत सालभुंगे त्यावर तुटून पडले. आता क्लाउस्थालहून ब्रोकेनकडे पाहिलं तर उतारांवर राखाडी खोडं उभी दिसतात, आणि त्यांच्या पायाशी बर्च, रोवन आणि बीचची कोवळी रोपं.