आरशाच्या कडा काळ्या का पडतात?

नमस्कार मंडळी! सोलापुरात काचेचं काम शिकणाऱ्या पोरांसाठी आजचा व्हिडिओ.

(जुना तुकडा कॅमेऱ्याजवळ धरून) कडेचा हा काळा पट्टा बघा. सलूनमध्ये, बाथरूममध्ये असे आरसे पाहिले असतील. गिऱ्हाईक म्हणतं, "माल हलका दिला." पण पुष्कळदा माल चांगला असतो, बसवताना चूक झालेली असते.

आता तुकडा उलटा करू. हा रंग दिसतोय ना, त्याच्या आत चांदीचा अगदी पातळ थर आहे. काचेवर चांदी चढवायची रासायनिक पद्धत जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी 1835 च्या सुमारास शोधली, आणि चांगल्या आरशाला आजही चांदीच लागते. रंग तिला सांभाळतो. पण जिथं काच कापली, तिथं थराची धार उघडी पडते. ओल आणि आम्ल तिथूनच आत शिरतं.

म्हणून आरसा चिकटवायच्या सिलिकॉनची नळी उघडली की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. आरशामागं ते अजिबात लावू नका. नळीवर 'न्यूट्रल क्युअर', म्हणजे सुकताना असं आम्ल न सोडणारं, लिहिलेलं बघून घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

सिलिकॉनच्या पट्ट्या उभ्या ओढा. आडव्या ओढल्या की मागं उतरणारं पाणी त्यांच्यावर अडकतं. खालची कड कडप्प्यावर टेकवू नका, चॅनेलमध्ये, म्हणजे खालच्या खाचेच्या पट्टीत, रबराचे तुकडे ठेवून आरसा थोडा उचला. आणि नवीन प्लास्टरवर घाई नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, भिंत वरून खडखडीत वाटते, आत मात्र ओल असते.

आता दारांना लागणाऱ्या टफनचं, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेचं, थोडक्यात सांगतो. ही काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. कापणं, भोक पाडणं, कडा घासणं, सगळं भट्टीत जायच्या आधी. नंतर ड्रिल लावलंत तर अख्ख्या काचेचे दाणे होतात. ती काच गेलीच, पैसेही गेले.

त्यामुळे माप स्वतः घ्या. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांत भिंत ओळंब्यात असेलच असं नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, सगळ्यात लहान माप धरा, त्यातून फटीची जागा वजा करा. बिजागरी आणि हँडलची भोकं कागदावर काढा, मिस्त्रीला दाखवा, मगच ऑर्डर द्या.