किडनी देणाऱ्याचीही चौकशी करा

श्रोतेहो, नमस्कार. किडनीचं ऑपरेशन झालं की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. पेशंट कसाय? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, किती आलं? ज्यानं किडनी दिली त्याची चौकशी मात्र राहून जाते. त्याची म्हणजे बहुतेक वेळा तिची. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि हे मला फार खटकतं.

मी समाजसेवा विभागात काम करते. सांगलीकडच्या एका वहिनींनी नवऱ्याला किडनी दिली होती. शाळेच्या वहीत सगळं टिपून ठेवायच्या: पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, सकाळी नऊची आणि रात्री नऊची गोळी. एकदा गोळीला थोडा उशीर झाला, तर नवऱ्यानं पाण्याचा गिलासच भिरकावला. सासूबाई म्हणाल्या, “आजारी माणूस हाय, घे समजून.”

ओपीडीत त्यांनी सवयीनं वही पुढे केली. मी ती मिटली आणि विचारलं, “वहिनी, तुमचं कसं चाललंय?” बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, माझ्या टाक्याकडं एकदाबी कुणी बघितलं न्हाई. दिली नसती तर बरं झालं असतं असं मनात येतं, आन् मग माझी मलाच लाज वाटती.”

भाऊंना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, आत बोलावलं. डॉक्टरांनी समजावलं, की नवी किडनी टिकावी म्हणून दिलेल्या स्टेरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड वाढते. डोस उतरला की पुष्कळांचं निवळतं. पुढच्या खेपेला वहीत अक्षर भाऊंचं होतं. मागच्या पानावर वहिनींच्या बीपीचे आकडे होते.

दात्याचीही तपासणी दरवर्षी करायची. पुन्हा सांगते, दात्याचीही, दरवर्षी. बीपी, लघवी, क्रिएटिनिन, आणि मन.

कॅन्सरच्या घरीही हेच. केमोबरोबर पुष्कळदा स्टेरॉइड असतं, तेव्हा चिडचिड दिसली तर डॉक्टरांना सांगा. परळच्या टाटा रुग्णालयात येणारी कित्येक कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथे सोबतचे लोक एकमेकांशी बोलतात, त्याचा मोठा आधार असतो. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, कुणाचे काका कसे गेले ते तिथे सांगू नका. डबा द्या, रात्री एक पाळी घ्या.

बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही मनाच्या आधारासाठीची फोनसेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. पेशंटनं फोन करावा, सोबतच्यांनीही करावा. नंबर लिहून घ्या: 14416. एक, चार, चार, एक, सहा.