पदवी करता करता वकिलीची तयारी

श्रोतेहो, नमस्कार. बीए, बीकॉम किंवा बीएस्सी करताय आणि पुढे तीन वर्षांच्या एलएलबीला जायचं मनात आहे? मग आज तुमच्याशीच बोलायचं आहे.

आधी महाराष्ट्राच्या सीईटीचा, म्हणजे एलएलबीच्या प्रवेश परीक्षेचा पेपर बघू. 120 प्रश्न, 120 मिनिटं. इंग्रजीचे 40, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे 32, कायदेविषयक कल आणि तर्कबुद्धी यांचे प्रत्येकी 24. म्हणजे पेपरचा एक तृतीयांश भाग इंग्रजीचा! मुलं मात्र कायद्याची गाइडं घोकत बसतात. त्यापेक्षा पहिल्या वर्षापासून रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचा. अडलेले पाच शब्द त्यांच्या वाक्यासकट वहीत उतरवा. आणि हो, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

गाइड घेताना छपाईचं वर्ष बघा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचं कलम आता 302 नव्हे, 103. फसवणुकीचं 420 गेलं, 318 आलं. रद्दीच्या दुकानातलं स्वस्त पुस्तक इथेच दगा देतं.

महिन्याला एक निकाल वाचा. मनेका गांधी खटला घ्या, 1978 चा. अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहा. घडलं काय? मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला, आणि त्याचं कारण सांगायला सरकारने नकार दिला. प्रश्न काय? कायद्यात प्रक्रिया लिहिलेली आहे, एवढं राज्यघटनेच्या कलम 21 ला, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला, पुरतं का? न्यायालय म्हणालं, नाही. ती प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी हवी. चौथी गोष्ट, असं का, हे तुमच्या शब्दांत. हीच खरी वकिलीची तालीम, आणि ती कुठल्याही क्लासशिवाय होते.

आता कागदपत्रं. पदवीला खुल्या गटात किमान 45 टक्के लागतात, इतर मागासवर्गाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. गुणपत्रिकेवर नुसते ग्रेड पॉइंट असतील, तर टक्केवारीत रूपांतर केल्याचा दाखला कॉलेजातून किंवा विद्यापीठातून आधीच घेऊन ठेवा. आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी जात पडताळणीचं प्रकरण शेवटच्या वर्षापर्यंत लांबवू नये. समितीकडे महिनोन्‌महिने जातात, आणि चांगले गुण मिळूनही हातची जागा जाते. आज घरी गेल्यावर दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवा. नावात एका वेलांटीचा जरी फरक दिसला, तरी दुरुस्तीचा अर्ज याच आठवड्यात द्या.