चार की आठ?

नमस्कार मंडळी. बाप्पा मोरया.

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आजच्या भाषणासाठी मला ‘आठवणीतलं गाव’ असा विषय दिला होता. मंचरची जत्रा, आजीचं माजघर, एसटीचा थांबा असं सगळं मी लिहूनही काढलं होतं. ते कागद आज घरीच ठेवून आले. गेल्या रविवारी आमच्याकडे जे झालं, ते डोक्यातून जात नाहीये.

थंडीच्या आत ह्यांना दोन्ही गाड्या गॅरेजमध्ये लावायच्या आहेत, म्हणून आवराआवर काढली होती. एका खोक्यातून माझ्या अकरा वह्या निघाल्या. स्पायरलच्या, कडांना माती लागून तपकिरी झालेल्या. माझी नात आठ वर्षांची आहे, गेली दोन वर्षं आपल्या मंडळाच्या शाळेत येते. ती त्या वह्या घेऊन फरशीवर बसली. बराच वेळ पानं उलटली आणि मग मला विचारलं, “आजी, ही आठ नंबरची गाडी सारखी सारखी कशी जिंकते?”

मी वाकून पाहिलं. तो आठ नव्हता, चार होता. आपला मराठीतला ४.

हे हसले. मला हसू आलं नाही. तेवढ्यात मुलगी आत आली आणि वह्या पाहून म्हणाली, “आई, हे कशाचं आहे?” मी सांगितलं. तिचा चेहराच उतरला. “म्हणजे शनिवारी संध्याकाळी तू ओव्हरटाइमला जात नव्हतीस?”

नव्हते जात. आज तुम्हा सगळ्यांसमोर कबूल करते. १९८६ च्या उन्हाळ्यापासून सोळा वर्षं मी शनिवारी संध्याकाळी सायलोच्या पलीकडच्या मातीच्या मैदानावर असायचे. स्टॉक कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या शर्यतीत लाकडी मनोऱ्यावर बसून फेऱ्या लिहायचे. इथे बसलेल्या जुन्या मंडळींना ते मैदान माहीत आहे. शनिवारी रात्री आपल्या घरांच्या खिडक्यांपर्यंत त्याचा आवाज यायचा आणि आपण खिडक्या लावून घ्यायचो.

मला तिथे नेलं समोरच्या घरातल्या बाईनं. आम्ही १९८३ ला इथे आलो, तेव्हा ओहायोच्या पहिल्या बर्फात मला फावडं धरायला तिनंच शिकवलं होतं. एका शनिवारी फेऱ्या लिहिणारी एक बाई आजारी पडली. ही दारात येऊन म्हणाली, “तुला आकडे भराभर लिहिता येतात का?” पुण्यात बँकेत दोन वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय येणार होतं!

तेव्हा गाड्यांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे फेऱ्या आपोआप मोजणारी यंत्रं, नव्हती. पाव मैलाचं वर्तुळ, एक फेरी सतरा-अठरा सेकंदांची, आणि त्यात वीस गाड्या. म्हणजे एका गाडीला एक सेकंदसुद्धा नाही. एकीनं नंबर पुकारायचे, दुसरीनं लिहायचे. पहिली गाडी रेषेवरून गेली की नवी ओळ सुरू. मान खाली घालायची नाही, हातानं आपलं आपण लिहीत राहायचं. आणि मी पहिल्याच रात्री एक गोष्ट शिकले. ती इंग्रजीत पुकारायची, माझ्या डोक्यात ते मराठीत उतरायचं. सत्तावीस, नऊ, एकेचाळीस, बावन्न, चार. माणूस घाईत आकडे मोजतो ते आईच्याच भाषेत.

त्या मैदानाबद्दल थोडं सांगते, कारण मुलीला मी ते कधी सांगितलंच नाही. दुपारी पाण्याचा टँकर फिरायचा. मग पिटमधल्या, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या असतात तिथल्या, झाडून सगळ्या गाड्या, पिकअपसुद्धा, हळूहळू गोल गोल फिरवून ती चिकणमाती चोपून काढायचे. पहिल्या हीटला, म्हणजे निवडीच्या छोट्या शर्यतीला, माती ओली, जड. मागच्या चाकांनी उडवलेली ढेकळं प्रेक्षकांच्या मांडीवर येऊन पडायची. रात्र चढत जाईल तसं मधलं पाणी उडून जायचं, आणि फीचरच्या, म्हणजे रात्रीच्या मुख्य शर्यतीच्या, वेळेला तोच ट्रॅक सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत, काळा, चमकणारा. सुटी माती सगळी बाहेरच्या कडेला बांधासारखी साठलेली. त्या बांधाला चाक टेकवून जो जाईल तो वेगात जाईल, आणि जरा वर गेला की कुंपणात. गाडी वळतेय डावीकडे आणि स्टेअरिंग उजवीकडे, गाडी अख्खी आडवी होऊन घसरत यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळेच मिटले होते. समोरच्या बाईनं माझ्या कोपराला ढोसून सांगितलं, “डोळे मिटलेस तर फेरी गेली.”

माती ओली होतानाचा तो वास मला ठाऊक होता. आमच्याकडे मंचरला जत्रेच्या दिवशी बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर पाणी मारायचे तेव्हा असाच वास यायचा. पण आम्ही मुली घाटावर कुठे जायचो? आत्याच्या गच्चीवरून नुसती धूळ दिसायची आणि ‘भिर्रर्र’ ऐकू यायचं. बारी किती सेकंदांत बसली ते संध्याकाळी पुरुष घरी येऊन सांगायचे. ओहायोत मात्र मी त्या धुळीच्या मधोमध, सगळ्यात उंच जागी बसले होते, आणि कोण कितवा आला ते माझ्या हातून ठरत होतं.

समोरच्या बाईला ह्या खेळाचा सगळा इतिहास पाठ. नासकार ही स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी अमेरिकेतली मोठी संस्था. तिची अगदी पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’, म्हणजे कारखान्यातून आली तशाच गाड्यांची, शर्यत १९ जून १९४९ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला झाली, तीही पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर. त्यात सारा ख्रिश्चन नावाची बाई उतरली होती, हे ती प्रत्येक नव्या मुलीला सांगायची. आणि पहिला आलेला ग्लेन डनवे तपासणीत बाद झाला, मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या म्हणून. मग कॅन्ससचा जिम रोपर विजेता ठरला. “पहिला कोण आला ते लोक बघतात,” ती म्हणायची, “जिंकला कोण ते कागद सांगतो.”

एकदा ती मला एल्डोराच्या मातीच्या ट्रॅकवर घेऊन गेली. आपल्यापासून किती लांब आहे हो? रॉसबर्गजवळ, मक्याच्या शेतांत. अर्ल बाल्टिस हा गावोगावी बँड वाजवणारा माणूस. त्यानं आपल्या नाचघराशेजारी १९५४ मध्ये हा ट्रॅक काढला आणि १९७१ पासून तिथे ‘वर्ल्ड १००’ ही शंभर फेऱ्यांची शर्यत सुरू केली. विजेत्याला पृथ्वीचा गोल देतात. २००१ मध्ये त्यानं एका शर्यतीला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि ते आपल्या ओहायोच्याच डॉनी मोरननं नेलं. ‘वर्ल्ड १००’ सप्टेंबरात असते, बऱ्याचदा आपल्या गणपतीच्याच सुमारास. त्या दिवसांत हायवेवर ट्रेलरवरून जाणाऱ्या गाड्या आपण सगळेच बघतो. आपल्यापैकी किती घरांनी मुलांना विचारू दिलं, की ही गाडी कुठे चालली आहे?

मी स्वतःच विचारू दिलं नाही. म्हणून मुलीचा राग खरा आहे. ती म्हणाली, “तू आम्हाला मंचरच्या बैलगाड्यांच्या इतक्या गोष्टी सांगितल्यास. आम्ही कधी न पाहिलेल्या. आणि ही जत्रा सात मैलांवर होती, तर आम्हाला एकदाही नेलं नाहीस.” का नेलं नाही? आपल्या लोकांत बोललं जाईल म्हणून. तिथे बिअर असते, सिगारेटी असतात, तेलानं माखलेली माणसं असतात. तिथे जाणारी बाई हळदीकुंकवाला कशी दिसेल, हा विचार मी सोळा वर्षं केला. तुम्ही मला काही म्हणाला नसतात कदाचित. पण आपण त्या लोकांबद्दल आपसात कसं बोलायचो ते मी ऐकलं होतं, आणि मीही मान डोलावली होती. ज्या बाईनं मला बर्फ काढायला शिकवलं, तिच्याबद्दल.

आता त्या चारबद्दल.

चार नंबरची गाडी चालवणारा दिवसा धान्याच्या एलिव्हेटरवर, म्हणजे कोठारावर, काम करायचा. भंगारातून आणलेली जुनी कमॅरो, काचा काढलेल्या, दारं वेल्डिंग करून बंद, आत पाइपांचा पिंजरा. दारावरचा आकडा त्याच्या मुलीनं घराच्या रंगाच्या ब्रशनं काढलेला, ओघळ तसेच. एका रात्री हीटमधून पहिले पाच फीचरला जाणार होते. समोरची बाई खाली गेली होती, मी एकटीच बघत होते, एकटीच लिहीत होते. शेवटच्या फेरीत तीन गाड्या एकदम रेषेवर आल्या आणि माझ्या हातून मराठी आकडा पडला. ४. तिनं वर येऊन तो आठ वाचला. भोंग्यावरून पाचवा म्हणून आठ नंबर पुकारला गेला, आणि चार नंबरवाला ट्रेलरवर गाडी चढवायला लागला. तो वाद घालणारा माणूसच नव्हता.

दोन मिनिटांत मनोऱ्याच्या जिन्यावर पावलं वाजली. आठ नंबरचाच ड्रायव्हर, हेल्मेट तसंच डोक्यावर, काचेवर चिखल. म्हणाला, “मी पाचवा नव्हतो. चार होता.” बस, एवढंच म्हणून उतरून गेला. माझे हात थरथरत होते. समोरच्या बाईनं माझा कागद हातात घेतला, त्या आकड्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “तुमच्याकडे चार असा काढतात?” मग म्हणाली, “सुंदर आहे. पण ह्या कागदावर नको.”

त्या दिवसापासून मैदानाच्या कागदावर मी इंग्रजी आकडे लिहिले आणि घरी येऊन, आठवण ताजी असताना, तीच शर्यत माझ्या वहीत मराठीत उतरवली. त्या अकरा वह्या त्याच. त्या रात्रीचं पानही त्यात आहे. चार नंबर फीचरमध्ये अठरावा सुटला, अकरावा आला. आणि १९९१ चा उन्हाळा उघडलात तर पानापानावर पहिला तोच आहे.

आता ते मैदान नाही. तिथे एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन असतं. चार नंबरवाला तीन वर्षांपूर्वी गेला. समोरची बाई नर्सिंग होममध्ये आहे. मी जाते, ती माझा हात धरते, पण ओळखत नाही. त्या रात्रींची नोंद, मंडळी, माझ्या माहितीत आता त्या वह्यांमध्येच उरली आहे. आणि मराठी शाळेत जाणारी माझी नात ती वाचते, तर जिंकलेला माणूस हरतो.

इथे मला मंडळाला एक सांगायचंय. आपण आरतीचे कागद रोमन लिपीत छापतो. मुलांना सोपं जातं म्हणून. मीही त्या ठरावाला हात वर केला होता. मुलं ‘सुखकर्ता’ खणखणीत म्हणतात, आपले डोळे भरून येतात. पण शाळेत आकडे आपण पहिल्या महिन्यात एकदा फळ्यावर काढतो आणि पुढे जातो. एकोणसत्तर कुणाला येतं? त्यांच्या आईबापांना तरी येतं का? घरात किराण्याची यादी कुणी मराठीत लिहितं का? मी लिहीत नाही, गेली कित्येक वर्षं. मग त्या पोरीनं ४ बघायचा तरी कुठे?

काल संध्याकाळी आम्ही तिघी, मी, लेक आणि नात, दोन काउंटी पलीकडच्या ट्रॅकवर गेलो. लेक गाडीत फारसं बोलली नाही. पण पहिली हीट सुटली तेव्हा तिनं माझ्या हाताला घट्ट धरलं, आणि कपाळावर आलेली माती पुसली नाही. नातीला मी नवी वही दिली. मी पुकारणार, तिनं लिहायचं, मराठीत. पहिल्या सहा फेऱ्या तिनं जीभ बाहेर काढून एकेक आकडा नीट काढला. सातव्या फेरीला गाड्या गुंतल्या, मीही भराभर पुकारायला लागले, आणि तिचा हात इंग्रजीत शिरला. मी थांबवलं नाही.

रात्री घरी येऊन स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली वही उघडली. आठव्या फेरीच्या ओळीत तिसऱ्या जागी एक आकडा आहे, घाईत काढलेला, वरचं तोंड जेमतेम मिटलेलं. काल मैदानात चार नंबरही होता आणि आठही. तो आपला चार आहे की त्यांचा आठ, मला ठरवता येईना. सकाळी नातीला विचारलं. तिलाही आठवेना.