हवा आधी, डिझेल नंतर

मित्रहो, टाटा १६१२ या सोळा टनी ट्रकचे ६९७ इंजिन आपणा सर्वांच्या हाताखालून गेलेले आहे. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एवढी ओळख त्याच्या आकड्यातच लिहिलेली आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८ मिलिमीटर असल्याने एकूण क्षमता ५.६७५ लिटर भरते. याच घडणीच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे चाक, देऊन कंपनीने १६१३ टीसी काढली. त्या गाडीचा टर्बो आणि मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेला नळ्यांचा संच) जुन्या बाजारातून आणून १६१२ ला बसवला तर चालेल का, हा प्रश्न मला गॅरेजमध्ये वारंवार विचारला जातो. चालेल, असे माझे उत्तर आहे; परंतु टर्बो काय देतो आणि काय देत नाही, हे समजून घेतल्यावरच.

टर्बो हवा देतो. ताकद डिझेलमधूनच येते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि प्रत्यक्षात धूर होऊ नये म्हणून अठरा ते वीस किलो द्यावी लागते. हे इंजिन २४०० फेऱ्यांवर मिनिटाला जेमतेम सहा घनमीटर, म्हणजे सुमारे पावणेसात किलो हवा ओढते. त्या हवेत ताशी वीस किलो डिझेल स्वच्छ जळेल आणि ११५ ते १२० अश्वशक्ती मिळेल. यापुढे डिझेल सोडणारा पंप कितीही वाढवला तरी जास्तीचे डिझेल काळा धूर होऊनच बाहेर पडणार. भरलेली गाडी खोपोलीहून बोरघाट चढताना मागे जो काळा लोट सुटतो, तो हवेविना राहिलेल्या डिझेलचा असतो.

एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या उष्णतेवर चाक फिरवून हवा भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ चे आहे, आणि ट्रकच्या इंजिनावर ती १९३८ मध्ये त्याच देशातील साउरर कंपनीने आणली. मात्र हवा दाबली की ती तापते, ही गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षिली जाते. बाहेर ३५ अंश तापमान असताना ०.६ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब, घेतला, तर आत जाणाऱ्या मॅनिफोल्डमधील हवा शंभर अंशांच्या वर जाते. त्यामुळे दाब साठ टक्क्यांनी वाढूनही हवेची घनता तीस टक्क्यांच्या आसपासच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून ५५ अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ पन्नास टक्क्यांच्या जवळ पोहोचते. म्हणून इंटरकूलर नसलेल्या गाडीत बूस्टचा काटा पाहून डिझेल वाढवणे चुकीचे आहे.

आता इंजिनाच्या सोसण्याविषयी. सतरास एक कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा सतराव्या हिश्श्यात दाबणाऱ्या, इंजिनात डिझेल पेटण्याआधीच दाब साधारण ४५ बारपर्यंत चढतो, ०.६ बार बूस्ट मिळाला की तो सत्तरच्या पुढे जातो, आणि ज्वलनाचा दाब त्यावर आणखी. हा सगळा भार हेडचे बोल्ट, गॅस्केट आणि बेअरिंग यांच्यावर येतो. कारखाने टर्बोचे इंजिन बांधतात तेव्हा सहसा कॉम्प्रेशन थोडे उतरवतात आणि पिस्टनच्या पोटाखाली ऑइलचा फवारा देतात. जुन्या इंजिनात यांपैकी काही नसेल, तर पिस्टनचा माथा तापणारच. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत टर्बो नीट बसवलेला होता, पण त्याच दिवशी पंपही भरपूर वाढवला होता; दोन पिस्टनांचे माथे वितळलेले निघाले आणि दोष मात्र टर्बोला दिला गेला. त्या मालकाचे झालेले नुकसान मला आजही अस्वस्थ करते, कारण टर्बो लावून पंप होता तसाच ठेवला असता, तर धूर गेला असता, घाटात इंजिन थंड राहिले असते आणि वाढवायचे किती, याचा विचार नंतर सावकाश करता आला असता.

पंपाची आणखी एक अडचण आहे. इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना टर्बो जवळजवळ काहीच देत नाही. साध्या पंपाला हे कळत नाही, म्हणून वाढवलेला पंप खालच्या फेऱ्यांत पूर्वीपेक्षाही जास्त धूर करतो. बूस्ट आल्याशिवाय जास्तीचे डिझेल न सोडणारा पडदा असलेला टीसी गाडीचाच पंप घ्यावा आणि तो कॅलिब्रेशन करून, म्हणजे डिझेलचे माप जुळवून, बसवावा.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल आणणारी नळी बारीक चालते, परंतु परतीची नळी मोठी, सरळ उताराची आणि सम्पमधील (इंजिनाच्या तळाच्या टाकीतील) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. ती दबली, तर ऑइल सीलमधून हवेच्या वाटेत शिरते. घाट चढून आल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवावे, नाहीतर थांबलेले ऑइल दांड्यावर जळून कोळसा होते. हवेचा फिल्टरही वाढीव हवेच्या मापाचा घ्यावा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधने आहेत, म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा करावी.

बसवून झाल्यावर टर्बोच्या अलीकडे, एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डमध्येच तापमानाचा काटा लावावा आणि भरलेली गाडी घाटात न्यावी. काटा ६५० अंशांच्या पुढे सरकू लागला की खालचा गिअर घ्यावा. पुन्हा पुन्हा तसेच होत असेल, तर पंपाचे डिझेल कमी करून घ्यावे.