गेम क्रॅश झाला की लगेच ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालू नका

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना नीट? वर पत्र्यावर पाऊस वाजतोय, म्हणून जरा ओरडूनच बोलतो.

तर झालं असं, पावसाचे तीन महिने मी पुण्यात आणि पीसी इथे मालवणात, चादर टाकून बंद. गणपतीला आलो, चालू केला, गेम लावला आणि दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी, गेम गायब, डेस्कटॉप समोर. परत लावला, परत तेच. एका दुकानात नेला तर त्याने उघडूनपण बघितलं नाही, म्हणाला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बनवणारं कार्ड, गेलं, नवीन घ्या. अरे, चाळीस हजाराची वस्तू आहे, काय हापूसची पेटी आहे का!

आता आधी हे समजून घ्या. विंडोज कार्डाला काम देतं आणि साधारण २ सेकंद वाट बघतं, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ड्रायव्हरच, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअरच, रीसेट करतं. याला टीडीआर, टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी म्हणतात. ड्रायव्हर सावरतो, गेम मात्र मरतो. म्हणजे ‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग’ असं दिसलं तर एवढंच कळतं की कार्डाने उत्तर दिलं नाही, का दिलं नाही ते त्यात कुठेच नसतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ते २ चे १० सेकंद करा असं सांगणारे पुष्कळ आहेत, मला ते ताप आल्यावर थर्मामीटर फोडल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिलं काम, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडा, विंडोज लॉग्स, मग सिस्टम. तिथे इव्हेंट नंबर ४१०१ दिसला तर ड्रायव्हर रीसेट झालाय. पण अख्खा पीसीच धाडकन बंद पडून कर्नल पॉवर ४१ दिसला तर आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आणि घरातली लाईन बघा, आमच्याकडे पावसात व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्हाला सांगायला नको. अजून एक, कार्डाला दोन आठ पिनी सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन तोंडं नको. एक आठ पिनी १५० वॅटचा आणि स्लॉटमधून ७५, पण कार्ड क्षणभर त्याच्यापेक्षा बरंच जास्त ओढतं.

आणि कधीकधी कार्डाचा काहीच संबंध नसतो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरवर ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा एरर यायचा, लोक कार्डं बदलत बसले आणि दोष निघाला प्रोसेसरचा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती आली. तुमचा तो प्रोसेसर असेल तर बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करूनच घ्या, ती दुरुस्ती त्यातूनच येते.

माझ्याकडे ४१०१ होता. सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ काढला, नवीन टाकला, फरक शून्य. मग पॉवरची वायर काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून केसच्या पत्र्याला हात लावला आणि कार्ड बाहेर घेतलं. हे बघा, जवळ आणतो, ही मागची पट्टी, स्क्रूभोवती गंज दिसतोय? खाली ही सोनेरी पट्टी जी स्लॉटमध्ये बसते ती चकचकीत हवी, माझी चहा सांडल्यासारखी डागाळलेली. चालू पीसी गरम असतो म्हणून कोरडा राहतो, बंद ठेवलेला खारी हवा पीत बसतो. मऊ पांढरा खोडरबर घेतला, पेनाचा निळा नाही हां, हलक्या हाताने फिरवला तर चुरा काळा पडला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू दिलं. आई आतून ओरडतेय, मेल्या जेवूक ये, आणि मी खोडरबर घासतोय.

परत बसवलं, दोन तास गेम, एकपण क्रॅश नाही. तुमचा क्रॅश एवढ्याने नाही गेला तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, ५० मेगाहर्ट्झने खाली आणून बघा, त्यावर टिकला तर कंपनीतून वाढवून आलेला वेग, म्हणजे ओव्हरक्लॉकच कार्डाला आता झेपत नाहीये. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणारच नाही.

खाली कमेंटमध्ये व्ह्यूअरमधला नंबर टाका. नुसतं ‘भाऊ गेम बंद पडतो’ लिहिलंत तर मला देवळात जाऊन कौलच लावायला लागेल.